जाळीमागची गाठ

नंदाबाई भुताखेताला भीत नसत. अंबडजवळच्या त्यांच्या गावात तर लोक म्हणायचे, भूत भेटलंच तर तेच आधी नंदाबाईंना रामराम घालील. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी दार लावून घेतलं, तेव्हा माहेरी परत आल्या. पुढं भावजय वारली आणि भावाची तान्ही शीतल त्यांनी पदराखाली घेतली. शाळेच्या मास्तरांपासून सोयरीक जमवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांशी भांडल्या, पण पोरीला काही कमी पडू दिलं नाही. त्या शीतलचं लग्न ठरलं ते नवऱ्याच्या दारी, राजूरच्या अलीकडच्या गावात. नवरीला आदल्या दिवशीच हळदीसाठी तिकडं पोचवायचं होतं. पाठराखीण म्हणून कोण जाणार, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

वऱ्हाड दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होतं. आज फक्त नवरी, आत्या आणि लेकीचा संसार. संसार म्हणजे लोखंडी कपाट, पलंग, घरघंटी, कूलर आणि पितळेची भांडी. सगळं याकूबभाईच्या लांब व्हॅनमध्ये मागं भरलं होतं. याकूबभाई अंबडचा, गावातल्या निम्म्या लेकी त्याच्याच गाडीतून सासरी गेल्या होत्या. मधल्या सीटच्या पाठीला लागून त्यानं लोखंडी पट्ट्यांची जाळी वेल्डिंग करून घेतली होती. माणसं जाळीपुढं, माल जाळीमागं, हा त्याचा कायदा. त्यावरही भागत नसे म्हणून तो दोरी घेऊन आत शिरला, तेव्हा नंदाबाईंनी त्याला अडवलं.

"दोरी न्हाई लावायची. लेकीचा संसार आवळून न्हाई न्यायचा. आवळतेत ती तिरडी."

"ताई, ब्रेक मारला की गाडी थांबती, माल न्हाई थांबत." याकूबभाईनं आडव्या घातलेल्या कपाटावर थाप मारली. "जाळी भांडे अडवंल. हे धूड न्हाई अडवणार. सरळ तुमच्या पाठीत येईल."

"माझ्या संसाराला दोरी लावल्ती. काय झालं ते ठाऊक हाये ना?"

"मंग गाडी न्हाई निघणार," तो म्हणाला. आणि त्यानं दोरी कपाटाच्या जाळीकडच्या तोंडावरून फिरवून मागच्या कड्यांना बराबर आवळली.

नंदाबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या म्हणजे हरल्या, असं समजणाऱ्याला नंदाबाई कळल्याच नाहीत. त्यांचा स्वतःचा संसार काथ्याच्या दोरीनं बांधून ट्रॉलीतून गेला होता आणि दारातच सासू म्हणाली होती, कुणी आवळलं गं हे असं, मढ्यासारखं? नवरा गेल्यावर ते बोलणं त्यांच्या काळजात रुतून बसलं. नशिबाचं खापर फोडायला माणसाला काहीतरी लागतंच. नंदाबाईंना दोरी सापडली होती. आपली वेळ शीतलवर येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

नवीन जालना मागं पडलं. कारखान्यांच्या धुरात सूर्य तांब्याच्या परातीसारखा दिसत होता. राजूर रस्त्याला लागल्यावर याकूबभाईनं एका छोट्या मशिदीपाशी गाडी थांबवली. "मगरिबची नमाज पढून आलो जल्दी," म्हणाला आणि आत गेला.

नंदाबाई खाली उतरल्या, मागचं दार उघडलं आणि दातओठ खाऊन ती गाठ सोडली. दोरी सैल होऊन कपाटाशेजारी पडली.

"आत्या, काय करून राह्यल्या?" पुढून शीतलचा आवाज आला.

"तुझा संसार मोकळा करून राह्यले बाई."

याकूबभाई आला तेव्हा त्या पदर सावरून शीतलशेजारी बसल्या होत्या. गाडी निघाली. दिवेलागण झाली होती. दोन्ही बाजूंना कपाशीची शेतं काळवंडत चालली होती आणि खिडकीतून गार वारा येत होता. शीतलनं डोळे मिटले. हातभर हिरवा चुडा, उद्या डोक्यावर अक्षता. पोर थकून गेली होती. नंदाबाईंचं मन मात्र हलकं झालं होतं.

मागं कपाट घासलं. घर्र... घर्र...

घासणारच. मोकळं आहे म्हटल्यावर थोडं हलणार. नंदाबाईंनी कान दिला नाही. पण पुढच्या उतारावर ते सरकलं ते चांगलंच सरकलं. आता जाळीवर धाडकन आदळणार म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला. आदळलं नाही. गादीवर काही टेकावं तसा दबका आवाज झाला आणि कपाट थांबलं. पाठोपाठ बांगड्या वाजल्या. शीतलचे हात तर मांडीवर निवांत पडले होते.

आणि वास आला. ओल्या हळदीचा.

"याकूबभाई, हळदीचं पातेलं मागं ठेवलंय का कुणी?"

"न्हाई ताई. हळद त्यांच्याकडंच हाये ना?"

बरोबर होतं. हळद सासरी उखळात कांडून ठेवली होती; शीतलच्या अंगाला ती अजून लागायचीच होती. नंदाबाईंनी मान वळवून जाळीतून मागं बघितलं. अंधारात कपाटाची कड दिसत होती. जाळी आणि कपाट यांच्यात वीतभर जागा होती, आणि ती जागा बाकीच्या अंधारापेक्षा जास्त काळी होती.

"बांधा..." कुणीतरी म्हणालं. बाईचा आवाज होता, धाप लागल्यासारखा. "बांधा ना... जड हाये..."

दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. नंदाबाईंना आधी राग आला. माझ्या लेकीच्या संसारात ही कोण शिरली? "कोण गं तू?" त्यांनी दरडावून विचारलं.

"क्या हुआ ताई?" याकूबभाईनं आरशातून बघितलं.

आता सांगावं, की दोरी आपण सोडलीय, गाडी थांबव. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण याकूबभाईपुढं चूक कबूल करायची म्हणजे नंदाबाईंना जिवावर येई. "काही न्हाई. तू चालव," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात पुढच्या वळणावर एक ट्रॉली उभी दिसली. मागं दिवा नाही, लाल फडकं नाही. जालन्याच्या सळया भरलेल्या आणि त्यांची टोकं हातभर बाहेर आलेली. याकूबभाईनं ओरडून ब्रेक दाबला. टायर किंचाळले. नंदाबाईंनी एक हात पुढच्या सीटवर रोवला आणि दुसऱ्यानं शीतलचं डोकं स्वतःच्या मांडीत दाबलं. मागून सगळा संसार उठून आला. भांडी जाळीवर फुटाण्यासारखी आपटली, पलंगाचा पाय पट्ट्यांत घुसला, आणि कपाट आलं... सगळ्या वजनानिशी आलं...

आणि थांबलं. मागं बांगड्या फुटल्याचा आवाज झाला, भरपूर बांगड्या एकदम फुटल्याचा. मग कुणीतरी कण्हलं. मग सगळं शांत झालं. काचेपुढं चारेक बोटांवर सळयांची टोकं दिसत होती.

"या अल्ला," याकूबभाई कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "माझी दोरी होती म्हणून वाचलो. ताई, पोरगी बराबर हाये ना?"

शीतल उठून बसली होती. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. नंदाबाईंनी तिचा चेहरा, गळा, खांदे चाचपले आणि त्यांना रडू कोसळलं. कुणासमोर न रडणारी ती बाई अंधारात हमसून रडली. आपण कुणाला मारायला निघालो होतो, हे त्यांना तेव्हा कळलं.

याकूबभाई ट्रॉलीवाल्याला शिव्या घालत टॉर्च घेऊन पुढं गेला. नंदाबाईंनी डोळे पुसले आणि तडक मागचं दार उघडलं. केलेलं निस्तरायचं, तेही लगेच, असा त्यांचा खाक्या होता. सैल पडलेली दोरी उचलून त्यांनी एक टोक कडीला बांधलं, दुसरं कपाटावरून जाळीकडं अंधारात भिरकावलं. ते कपाटाच्या तोंडावरून फिरून परत कसं आणायचं, हा विचार त्या करतच होत्या, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी ते ओढून घेतलं.

बाजूच्या दारातून याकूबभाई आत आला असणार. "आवळ," त्या म्हणाल्या. दोरी ताणली गेली. पुन्हा ताणली गेली. कपाट करकरत मागं सरकलं आणि जागेवर बसलं. त्यांनी ओढून बघितलं, दोरी तारेसारखी कडक होती.

"झालं का ताई?" याकूबभाईनं विचारलं. तो रस्त्यावर त्यांच्या मागं उभा होता.

नंदाबाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग आत बघितलं. दार लावलं. "झालं," म्हणाल्या. "चल आता. आणि हे बघ, मशिदीपाशी दोरी मी सोडल्ती. तू बोललास ते बरोबर होतं."

याकूबभाईनं टॉर्च बंद केला. मग एवढंच म्हणाला, "मंग कपाट थांबवलं कुणी?"

सासरच्या दारात बायका आरती घेऊन उभ्या होत्या. शीतलला ओवाळून आत नेलं आणि माणसं सामान उतरवायला लागली. दोरी कुणालाच सुटेना. याकूबभाईनं टॉर्च मारला तेव्हा कारण कळलं. एरवी तो गाठ मागच्या दारापाशी मारत असे. ही गाठ पार आत होती, कपाट आणि जाळी यांच्या मधल्या वीतभर जागेत, माणसाचा हातसुद्धा नीट जाणार नाही तिथं. दोरी तिथंच पिवळी झाली होती. खाली हिरव्या काचा पडल्या होत्या. याकूबभाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि त्यानं विळा मागवून दोरी कापली.

मांडवात हळद सुरू झाली. विधवेनं हळद लावू नये, असं कुणीतरी कुजबुजलंच. पण शीतलनं आधीच सांगून ठेवलं होतं, पहिलं बोट आत्याचं. नंदाबाई तिच्या पुढ्यात बसल्या आणि त्यांनी तिच्या दोन्ही पावलांना हळद लावायला सुरुवात केली. पोर सुखरूप पोचली होती. बाकीचं उद्या बघू, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

"आत्या," शीतल हळूच म्हणाली, "गाडीत लई भीती वाटली. पण तुम्ही जाळीतनं मागून माझ्या पाठीवर हात ठेवला ना, तव्हा बरं वाटलं."

नंदाबाईंची बोटं थांबली.

"आता काढा की पण," ती कसनुसं हसून म्हणाली. "लई जड व्हायलाय."

नंदाबाईंचे दोन्ही हात तिच्या पावलांवर होते.