खंडेनवमीचं कुंकू

"माझा नवरा देशद्रोही नाही हो, ताई!" शिवानी दारातूनच म्हणाली. कडेवरचा ओजस तिच्या मंगळसूत्राशी खेळत होता. बाबाला पोलिसांनी उचललंय, याची त्याला काय कल्पना!

ज्ञानदा खासगी तपासाची कामं घ्यायची; मदतीला तिचे मुकुंदकाका.

नंदीश सोलापुरातल्या गणवेशाच्या कारखान्यात हिशेबनीस. लष्कराच्या कोणत्या चौकीला किती गणवेश जाणार, म्हणजेच कुठे किती जवान, हे दाखवणाऱ्या कंप्युटरच्या पडद्याचा फोटो दसऱ्यानंतर डार्क वेबवर विकायला आला होता. पासवर्ड नंदीशचा.

"तो आणखी कुणाला माहीत?"

शिवानी ओशाळली. "बाळाचंच नाव आहे. बारशाला अख्खा कारखाना जेवला."

वकिलाकडून मिळालेल्या फोटोत, पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता.

"पानाची पिचकारी," मुकुंदकाकांनी निकाल दिला.

कारखान्यात मालकांचा भाचा युवराज भेटला. "नवमी-दसरा दोन्ही दिवस मी नातेपुत्याला, मित्राकडं. आलो तर कंप्युटरवर नंदीशभाऊच."

"नवमीला कुणी बसलं असेल?"

"खंडेनवमीला? हत्याराला हात लावत नाहीत, ताई. शेवंतीचा हार घातलेल्या कंप्युटरला कोण शिवतंय?"

मालक चन्नवीर हळहळत होते. "लई गुणी पोरगा हाय नंदीश. नवमीला मैंदर्गीला गावी गेलता. यंदा कंप्युटर पहिल्यांदाच पुजला. झेंडू संपला, म्हणून शेवंती. कुंकू लावलं, कुलूप घातलं. मी एकटाच होतो. दसऱ्याला पहाटे मीच हार काढला, पडदा पुसला."

"दुसरी किल्ली?"

"घरात, खुंटीला. युवराज नि मी एकाच घरात की."

ज्ञानदाने सगळ्यांना समोर बसवलं. सायबर पोलीसही आले.

"काका, ही पिचकारी नाही, पूजेचं कुंकू आहे. म्हणजे फोटो पूजेनंतर आणि पहाटे पुसण्याआधी काढला. तेव्हा नंदीश मैंदर्गीत होता. आणि युवराज, तू नातेपुत्यात होतास, तर झेंडूऐवजी शेवंती होती हे तुला कसं कळलं?"

"मामांनी सांगितलं."

"म्या?" चन्नवीर ताडकन उठले. "कुणापाशी बोललो न्हाई. पूजेला झेंडू मिळाला न्हाई, हे काय सांगत सुटायचं?"

युवराजने खिशातला फोन दाबून धरला. पोलिसांनी तो काढून घेतला. आत तो फोटो विकणाऱ्या टोळीचे निरोप होते.

"कुंकू पुसायचं तरी होतंस!" मुकुंदकाकांना राहवलं नाही.

"पूजेचं..." युवराज पुटपुटला. "हात धजला न्हाई."

"जवानांची ठिकाणं विकायला बरा धजला," शिवानी म्हणाली.

गणवेश अजून निघाले नव्हते. फोनवरून टोळीचा माग लागला, लष्कराने वेळीच बेत बदलला.

संध्याकाळी नंदीश घरी आला. ओजस त्याच्याकडे झेपावला.

शिवानीने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. "आधी पासवर्ड बदला," ती म्हणाली. "आपल्या बाळाचं नाव आता घरातच राहू दे."