अँटेना धरून उभी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाची शाबासकी नको. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय, मागच्या दिवाळीनंतर, सिरसाळ्यात.

माझे मिस्टर नवनाथ यांची तिथं बदली झाली. जानकीबाईंची खोली भाड्यानं घेतली. गल्लीतली निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं. खोलीत उंच कपाटावर जुना टीव्ही होता, वर दोन दांड्यांचा अँटेना, समोर एक खाट.

जानकीबाई म्हणाल्या, लावा खुशाल, फक्त कुणीतरी अँटेना धरून उभं राहावं लागतं. आधी त्यांची सून मंजुषा धरायची. वारली बिचारी.

मला हसू आलं. माहेरी ते काम माझंच होतं. धाकट्यानं अँटेना धरायचा, बाकीच्यांनी पिक्चर बघायचा.

त्या संध्याकाळी मिस्टर दूध आणायला गेलते. मी टीव्ही लावला. नुसत्या मुंग्या. कपाटामागच्या कोपऱ्यात जाऊन हात वर करून दांडी धरली, तिथून पुढचं काही दिसत नव्हतं...

खरखर थांबली.

गाणं लागलं, एकदम साफ. हात काढला की खरखर, धरला की गाणं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग टीव्हीच्या पुढून आवाज आला...

"हां. आता हलू नको."

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मला वाटलं, मिस्टर चेष्टा करतायत. म्हटलं, गप बसा आणि दूध तापवा.

खाट करकरली. कुणीतरी बसलं... अजून कुणीतरी बसलं. मग सगळे मिळून हसायला लागले.

मी हात काढायला गेले.

निघेना.

करंट नव्हता. करंट काय असतो ते मला ठाऊक आहे. माझ्या हातावर दुसरा हात होता... गार. आणि मानेजवळ बाईचा श्वास.

"थोडं धर ताई. मला एकदाबी बघू दिलं न्हाई."

तो हात सुटला. पावलं माझ्या मागून पुढं गेली, खाटेकडं. माझा हात मात्र दांडीला तसाच चिकटलेला. मी रडले, ओरडले, मिस्टरांना हाका मारल्या. शेजारी कुलपंच कुलपं, कोण ऐकणार.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला...

गाणं चालूच होतं.

खांदा फाटायला आला तेव्हा मिस्टर आले. त्यांनी मला ओढून काढलं, तसं सगळं गप झालं. त्यांनी मोबाईलची बॅटरी लावली, खाटेवर कुणी नव्हतं. चादर मात्र ठिकठिकाणी दबलेली होती.

त्याच वेळी सामान बांधलं. जानकीबाई दारात उभ्या होत्या. का चाललात, असं विचारलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाल्या,

"मंजुषा बसली का खाली?"

म्हणजे बाईला सगळं ठाऊक होतं. अजून डोकं फिरतं माझं.

आता आम्ही परळीला आहोत. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टरला काही सापडत नाही.

परवा कळलं, ती खोली परत भाड्यानं गेली. नवीन लग्न झालेलं जोडपं आहे म्हणे. जानकीबाईंना किती फोन केले, उचलत नाहीत.

तिकडचं कुणी हे वाचत असेल, तर त्या पोरीला माझा निरोप द्या. चित्र नाही आलं तरी चालेल, म्हणावं.