चाळिसावा शिक्का

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, गोकुळदासने परेशची खोली आवरायला घेतली. श्राद्धासाठी मागून आणलेली मोठी भांडी परत द्यायला त्याची बायको विनोदिनी वरच्या वाडीवर निघाली होती. जाताना ती दारातून म्हणाली, "ती खाट आज भायर काढा. वरस झाला आता."

खाट काढण्याआधी त्याने भिंतीतलं कपाट उघडलं. आत जुन्या चादरीत गुंडाळलेलं ते गेमचं यंत्र होतं. ते त्याने बाहेर काढलं, धूळ पुसली आणि टीव्हीला जोडलं. आज ते लावायचं, हे त्याने वर्षभर मनाशी धरून ठेवलं होतं.

बाहेर लाटंबार्शे गावातली एप्रिलची दुपार तापली होती. अंगणात काजूच्या बोंडांचा ढीग पडला होता आणि त्यांचा आंबूस, जड वास खिडकीतून आत येत होता. माडसुद्धा हलत नव्हता.

परेश त्याचा धाकटा भाऊ. खनिजाच्या बार्जवर कामाला असताना तो शिडीवरून पडला आणि मानेखालचं अंग गेलं. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी हलत. त्या बोटांनी तो उशाशी ठेवलेला फोन घेऊ शकायचा, पण गेमचा रिमोट धरणं त्याला जमत नव्हतं. मग तीन वर्षं रोज दुपारी गोकुळदास रिमोट धरायचा आणि परेश पडल्या पडल्या वाट सांगायचा.

खेळ एका बुडालेल्या शहराचा होता. हातात कंदील घेतलेली एक पाणबुडी मुलगी त्या बर्फाळ शहराच्या गल्ल्यांतून पोहत जाते. शहरात चाळीस शिक्के लपवलेले. सगळे सापडले की दीपस्तंभाखालची बंद खोली उघडते. गोकुळदासचा हात जड होता. मुलगी भिंतींवर आपटायची.

"दादा, तू तिका तुझ्या स्कूटरसारखी चालवतंस," परेश म्हणायचा. "ती बिचारी डिचोलीक पावाची नाय."

या खेळाला चोरवाटाही होत्या. खेळ थांबवून ठरावीक क्रमाने बटणं दाबली की श्वास संपत नसे, दारं आपोआप उघडत. मोबाईलवर त्यांच्या याद्या मिळायच्या. पण परेशने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "यादी बघूची नाय. माका आता सगळा दुसऱ्याच्या हातानच मिळता. ह्या एक तरी आपण सोधून काढूया."

गोकुळदासने कबूल केलं. सापडलेला प्रत्येक शिक्का तो तारीख-वेळेसकट वहीत लिहून ठेवी. तीन वर्षांत एकोणचाळीस झाले. चाळिसावा काही केल्या मिळेना. त्यातच परेशला धाप लागू लागली. डॉक्टरांनी गोकुळदासला बाजूला घेऊन सांगितलं, आता थोडे दिवस.

एका दुपारी परेशला गुंगी आली असताना गोकुळदासने मोबाईलवर यादी काढली आणि बटणं दाबली. खोली उघडली. परेश जागा झाला तेव्हा पडद्यावर सोन्यासारखा उजेड होता.

परेश कितीतरी वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "गावलो? खंय गावलो, दादा?"

डोळ्यांनी न पाहिलेली गोष्ट रचून सांगणं गोकुळदासला कधी जमलंच नव्हतं. म्हणून त्याच्या तोंडून घरामागची बांयच, त्यांची जुनी विहीरच, बाहेर पडली. "दीपस्तंभाच्या मागे एक बांय आसा. चिऱ्यांच्या पायऱ्या. तिसरी पायरी फुटलेली. वर बिमलीचा झाड. तळाक गावलो."

"बर्फाच्या गावात बिमली?" परेश हसला. "माका दाखय मां ती."

"आता करंट गेलो तर? उद्या दाखयतंय."

चोरवाटेने उघडलेलं त्या यंत्रात साठवलं जात नसे. पुन्हा लावलं की आकडा एकोणचाळीसच दिसणार होता, आणि बांय तर नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनोदिनी शाळेच्या ऑफिसात कामाला गेल्यावर परेशने दोनदा विचारलं. गोकुळदासने दोनदा टाळलं. जेवणानंतर तो परसात जाऊन बसला आणि बोंडांच्या बिया पिळून काढू लागला. तीनच्या सुमाराला आतून हाक आली. "दादा..." त्याने मान वर केली नाही. पुन्हा हाक आली. आता गेलो तर तो तेच विचारणार, एवढंच त्याच्या मनात होतं. तिसरी हाक आली आणि मग आवाज थांबला. झोप लागली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

चार वाजता हात धुऊन तो आत गेला, तेव्हा परेश गेलेला होता. डोळे उघडे, टीव्हीकडे वळलेले. टीव्ही बंद होता.

घाईने आलेल्या विनोदिनीला त्याने सांगितलं, मी जवळच होतो. वहीतही त्या दिवसाखाली तेच लिहिलं. नंतर ते पान त्याने कधी उघडलं नाही.

आज त्याला चाळिसावा शिक्का खरोखर शोधायचा होता. निदान खाट बाहेर जायच्या आधी.

टीव्हीवर साठवलेल्या खेळाची ओळ उमटली. गोकुळदासने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. चाळीसपैकी चाळीस. तारीख परेश गेला त्या दिवसाची. वेळ दुपारचे तीन वाजून पस्तीस मिनिटं.

त्या वेळी घरात परेशशिवाय कोणी नव्हतं.

त्याने बटण दाबलं. मुलगी दीपस्तंभापाशी उभी होती, पाठमोरी. तो तिला मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे नुसती भिंत असायची. ती भिंत त्याने शंभरदा चाचपली होती. आता तिथे वाट होती. बर्फ संपत होता आणि लाल चिरे लागत होते...

बिमलीचं झाड दिसलं. खोडाला चिकटलेले आंबट फळांचे हिरवे घोस. खाली पायऱ्या. एक, दोन. तिसरी फुटलेली, डाव्या कोपऱ्यात, तशीच. मुलगी एकेक पायरी उतरू लागली आणि खोलीतला काजूचा वास विरून गेला. त्या जागी शेवाळाचा, उपसा नसलेल्या पाण्याचा गार वास आला.

तळाशी चिऱ्यात एक गोल खळगा होता. शिक्का बसेल एवढा. रिकामा.

"ही आमची बांय मां?"

तो दचकला. विनोदिनी दारात उभी होती. पदराने घाम पुसता पुसता तिचा हात थांबला होता. "ह्यात कशी इली?"

गोकुळदासने रिमोट खाटेवर ठेवला. आता न बोलणं शक्य नव्हतं. जमिनीकडे बघत तो सगळं बोलला. यादी, बटणं, खोटी बांय. मग परसातलं. तीन हाका.

"माका आयकाक येत होतो गे तो. मी उठलंय नाय. तो एकटोच गेलो... मी तुका खोटा सांगितलंय."

ती रागावेल, रडेल, निदान तोंड फिरवेल असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण नुकताच घेतलेला घोट गिळता येऊ नये तसा तिचा चेहरा झाला.

"एकटो नाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी फोन केलेलंय त्या दिवशी. साडेतीनाक, ऑफिसातसून. परेशान घेतलो." ती खाटेपासून एक पाऊल मागे सरली. "खुशीत होतो. म्हणालो, वयनी, दादा बाजूकच बसलोहा. माका बांय दाखयता."



"तू ह्या माका कधी सांगूक नाय..."

"कित्याक सांगू? तुमीच थंय होतात मां." तिचा आवाज अगदी खाली गेला. "मागसून तुमचो आवाज मी आयकलंय. तुमचोच. तुमी त्याका म्हणत होतात... आता सकयल उतर, बाबा. भिया नको. मी फुडे आसंय."