उजव्या फुफ्फुसाची वेगळी वाट

प्राण्यांच्या दवाखान्याच्या अरुंद बोळात त्या दोघांची प्रथम दृष्टिभेट झाली, तेव्हा मध्ये साबणाने माखलेली एक डुकरीण होती. तिला न्हाऊ घालणाऱ्या पशुवैद्य युवतीच्या हातून ती निसटली आणि समोरून येणाऱ्या तरुणाच्या गुडघ्यांवर धडकली. तो मटकन खाली बसला. परंतु डुकरिणीच्या मानेला घातलेली मिठी त्याने सोडली नाही.

"पहिल्याच भेटीत एवढी जवळीक?" युवती हसली.

"कोणाशी म्हणता... हिच्याशी, की—"

"सध्या तरी हिच्याशीच!"

तो माणसांना भूल देणारा डॉक्टर होता. प्राण्यांना भूल कशी देतात, हे शिकण्याची त्यास ओढ होती; म्हणून तो तेथे नित्य येऊ लागला. कालांतराने ओढ नेमकी कशाची, हे दोघांनाही उमजले. मात्र ओठांवर कोणी आणले नाही.

दवाखाना तिच्या मामांचा. शस्त्रक्रिया तेच करीत. एके सकाळी ते तिला म्हणाले, "आज डुकराला भूल हा देईल. नीट जमलं तर कायमचा ठेवतो. नाहीतर उद्यापासून येऊ नको म्हणावं."

तो आला नाही, तर हा बोळ तिला खायला उठणार होता.

मामांचा एक कडक दंडक होता. श्वासनळीत नळी जो घालील, तिला हात त्यानेच लावायचा, दुसऱ्याने नाही.

डुकराचा घसा लांब आणि वाकडा. तरीही तरुणाने नळी सफाईने आत सरकवली, तिच्या टोकाचा फुगा फुगवला, छाती दोन्ही बाजूंनी ऐकली. मामांनी सुरी चालवली. थोड्याच वेळात पडद्यावरील प्राणवायूचा आकडा घसरू लागला.

"यंत्र ठीक आहे," तो पुटपुटला. "हवा दोन्हीकडे जातेय... मग होतंय काय?"

"नळी खोल गेलीय," ती म्हणाली.

"खोल गेली असती, तर डावी बाजू मुकी झाली असती ना!"

"माणसाची. ह्याच्या उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागाची वाट आधीच फुटते, मुख्य श्वासनळीतूनच. तुमच्या फुग्याने तिचं तोंड बंद केलंय. इथे ऐका... उजव्या काखेत, अगदी वर."

त्याने स्टेथोस्कोप तेथे टेकवला. आत निःशब्द शांतता होती. त्याने मान वर केली. मुखपट्टीच्या वर त्या दोघांचे नेत्र क्षणभर एकमेकांत गुंतले.

"मामा," तो स्पष्ट स्वरात म्हणाला, "नळी मी जास्त आत घातली. ती हिने मागे घ्यावी. हिचा हात सरावाचा आहे."

मामांची सुरी थबकली. "दंडक ठाऊक आहे ना?"

"आहे. पण ह्याला श्वास हवाय."

"मग बघता काय? कर गं!"

तिने फुग्यातील हवा काढली, नळी बोटभर मागे घेतली, फुगा पुन्हा भरला. तरुण काखेशी स्टेथोस्कोप लावून होता... आणि अकस्मात त्याचा चेहरा उजळला. "आली! हवा आली!" आकडा हळूहळू चढू लागला.

दुपारी डुकराने डोळे उघडले आणि सर्वांवर यथेच्छ खेकसून घेतले. मामा हात पुशीत तरुणास म्हणाले, "उद्या दोन कुत्री आहेत. उशीर केलास तर गाठ माझ्याशी आहे." आणि ते निघून गेले.

बेसिनपाशी दोघेच उरली. नळ वाहत होता. तिच्या मनगटावर पाण्याचे थेंब चमकत होते.

"मामांना उद्या एक गोष्ट विचारीन म्हणतो," तो चाचरला.

"दवाखान्याची?"

"नाही... तुमच्याबद्दलची."

"माझ्याबद्दलची गोष्ट मामांना कशाला? मला तोंड नाही का?"

"विचारू मग?"

तिने नळ बंद केला, ओले हात खुशाल त्याच्या बाहीला पुसले आणि मान ताठ ठेवून म्हणाली, "विचारा की. उत्तर हो आहे, एवढं फक्त ध्यानात ठेवून विचारा!"