काळ्या कागदातली नळी

वर्ध्याच्या त्या हॉस्पिटलात डॉक्टर वर्षालीचा प्रबंध म्हणजे चेष्टेचा विषय होता. नवजात बाळांच्या रक्तातलं काविळीचं बिलिरुबिन आधी मशीनने मोजायचं, मग तेच पुन्हा हाताने, रसायन घालून, जांभळा रंग किती चढला ते पाहून. बिलिरुबिन उजेडात टिकत नाही, म्हणून नळ्या काळ्या कागदात गुंडाळायच्या. "मशीन असताना काऊन हात भरवून राह्यली तू?" लॅबचे प्रमुख हेमराज सर म्हणत. ती थोडीच ऐकणार!

सिंदी मेघे गावच्या सरिताच्या तान्ह्या मुलीचं बिलिरुबिन दोन्ही पद्धतींत दहा भरलं, म्हणजे काळजीचं नव्हतं, आणि ती आईबरोबर घरी गेली. उरलेला नमुना दुसऱ्या दिवशी वर्षालीने सहज पुन्हा तपासला. मशीन म्हणालं दहा. हाताने आलं चौदा. शिळ्या रक्तात बिलिरुबिन घटेल एक वेळ, पण वाढेल कसं? तिने नवं रसायन काढलं, नळीतून पुन्हा थेंब घेतला. चौदाच. पुढच्या दिवशी अठरा.

"हात चुकते, मशीन नाई. फेक ते," सर म्हणाले.

वर्षालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्यांच्यासमोरच सरिताला फोन लावला.

"पोरगी कालपासून दूध ओढत नाई मॅडम. नुसती झोपून राह्यते."

"आत्ताच्या आत्ता घेऊन या तिला."

बाळ आलं ते हळदीसारखं पिवळं. हाताच्या शिरेतून काढलेल्या ताज्या रक्तात मशीन अठरा म्हणालं, हातही अठराच. बाळाला वरच्या वॉर्डात निळ्या दिव्याखाली ठेवलं. पोरगी वाचणार होती. आता बोला म्हणावं सरांना!

तेवढ्यात सरिताने बाळाची टाच वर्षालीपुढे धरली. "घरी कोणी सुई लावली नाई मॅडम. मंग हे काऊन?"

टाचेवर टोचल्याच्या ताज्या खुणा होत्या. वर्षालीने नळीतून जितके थेंब घेतले होते, तितक्याच.

ती धावत जिना उतरली. खाली लॅबमध्ये सर बेसिनपाशी उभे होते. हातात तीच नळी, बूच काढलेली.

"द्या इकडे, सर."

"शिळं रक्त फेकाचंच असते."

"मी फेकू देणार नाही. काय करायचं ते करा."

सरांनी हट्टाने नळी कलती केली. एक थेंब पडला.

वरच्या मजल्यावर बाळ किंचाळलं.

सरांनी नळी झटकन सरळ केली. बूच लावून त्यांनी ती मुकाट्याने तिला दिली.

आता कोणीही मागितली तरी वर्षाली ती देणार नव्हती. तिने नळीभोवती मूठ घट्ट आवळली.

वरचं रडणं घुसमटलं.