नव्वद पखाली

भैरवकड्याच्या पायथ्याशी पहाटेचे धुके दाटले होते आणि त्या धुक्याखाली मोगलांची छावणी चार महिने वेढा घालून बसली होती. गडाचा हवालदार सिदोजी निकम टाक्यातले पाणी काठीने मापून परतत होता. पावणेतीनशे घागरी. कितीही हात आखडला तरी बारा दिवस. पाऊस महिनाभर लांब, आणि कुमकेची आशा धरावी असे ते दिवस नव्हते. हा हिशेब गडावर दोघांनाच ठाऊक होता: सिदोजीला आणि सबनीस नारोपंतांना. पंत रोज दुपारी त्याच्याशी सोंगट्या खेळत, आणि त्यांच्याखेरीज मन मोकळे करावे असे दुसरे माणूस त्याला गडावर नव्हते.

चोरदिंडीशी त्याला पंतांचाच आवाज ऐकू आला. ते कड्यावर ओणवे होऊन खाली, धुक्यात उभ्या असलेल्या कोणाशी बोलत होते.

"टाक्यात नव्वद पखाली पाणी उरलंय. मीरसाहेबांना सांगा. आणि तुमच्या मुलखात नांदणाऱ्या माझ्या लेकीला धक्का लावू नका, म्हणजे झालं."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! सिदोजीचा हात तलवारीच्या मुठीवर गेला, आणि तिथेच थबकला.

पखाली! भैरवकड्याच्या वाटेवर बैल चढत नसे. गडावरची पखाल बकऱ्याच्या कातड्याची, माणसाने पाठीवर वाहायची, जेमतेम तीन घागरींची. पंतांचा उभा जन्म गडावर गेलेला. त्यांच्या लेखी पखाल म्हणजे एवढीच. छावणीचे पाणी मात्र बैलांवरून येई आणि बैलाची पखाल नऊ घागरींची. मोगलांचे सरदार मीरसाहेब त्यांच्या पखालीने मोजणार, गडावर तिप्पट, पाऊस येईतो सहज पुरेल एवढे पाणी धरणार, आणि पावसात चिखलात रुतण्यापेक्षा आधीच तळ हलवणार. पंतांना कापले, नुसता जाब विचारला, तरी खालचे लोक सावध होऊन खोदून चौकशी करणार होते.

सिदोजीने मूठ सोडली. पाऊल न वाजवता तो मागे फिरला.

त्या दिवसापासून हवालदाराला सोंगट्यांचे वेडच लागले. पहाट फुटायच्या आत तो पंतांच्या दारी हजर होई आणि दिवेलागणीपर्यंत त्यांना पटावरून हलू देत नसे. झोपायलाही, सोबत हवी म्हणून, त्यांना सदरेवरच ठेवून घेई. पंत हसत, त्याची थट्टा करीत, आणि तोही हसे. ते हसू त्याला विषासारखे लागे.

मोगलांचा वकील आला. "हत्यारांनिशी उतरून जावे, मीरसाहेब मानाने वाट देतील."

"आपल्या मीरसाहेबांस आमचा मुजरा कळवावा," सिदोजी म्हणाला, "आणि सांगावे, गडाला कसलीच तोशीस नाही."

वकील दिसेनासा होताच एका शिपायाची बायको, सगुणा, तान्हे कडेवर घेऊन पुढे आली. "हवालदार, गनीम वाट देतोय. पोरांचं ओठ फुटल्यात. कुनासाठी धरून बसलायसा हा गड?"

सिदोजीला सारे सांगून टाकावेसे वाटले. पण गडावर कान थोडे का होते! सगुणा त्याच्या पायाशी थुंकली आणि निघून गेली.

टाक्यात गाळ दिसू लागला आणि त्याच सकाळी छावणीत नगारे झडले. तंबू उतरले. दुपारपर्यंत मोगल खिंडीपार झाले. गडावर लोक रडत, हसत, एकमेकांच्या गळ्यात पडत होते. पंत तेवढे पांढरेफटक पडले होते.

सिदोजी त्यांना चोरदिंडीशी घेऊन गेला. "पंत, खालच्या पखालीत किती घागरी मावतात, विचारलं होतंत कधी?"

पंतांना उलगडायला क्षण लागला. "ऐकलंत आपण! मग मला मारलं का नाहीत?"

"तेव्हा गडासाठी मारलं नाही. आता..." सिदोजीने दिंडीचा अडसर काढला. "आता हात धजत नाही. लेकीकडे जा. परत येऊ नका."

पंत वळून न पाहता उतरून गेले.

पुढे दरबारात सिदोजीला मानाचे कडे मिळाले. वेढा कसा उठवलात, असे विचारता तो एवढेच म्हणाला, "देवीची कृपा." खरी हकीकत पोटभर सांगावी, असा त्याला जगात एकच माणूस होता, आणि त्याला तर त्यानेच दिंडीबाहेर काढले होते.