माहिराचा ठसा

दुपारी तीनला पनवेलच्या ‘चांदणी’ बारमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या असत आणि फरशीला फिनेलचा वास येत असे. वैजयंता आता याच वेळी यायची. रात्री नाचायचा तिचा ठसा. म्हणजे उजेडाची हुबेहूब माहिरा. माहिरा हे वैजयंताचं बारमधलं नाव. ठसा नाचतो, गिऱ्हाइकाशेजारी बसून गोड बोलतो आणि त्याचे गुडघे दुखत नाहीत. त्याला बोलायला शिकवायचं तर महिनाभर रोज त्याच्याशी गप्पा मारायच्या, एवढंच काम.

तिथंच बाई फसली. बारमधल्या प्रत्येकीची गिऱ्हाइकासाठी एक खोटी कहाणी ठरलेली असते: आजारी बाप, नाहीतर बहिणीचं लग्न. आपल्या खऱ्या माणसाचं नाव जिभेवर येऊ द्यायचं नाही, हा पहिला धडा. वैजयंतानं तो चौदा वर्षं पाळला. पण यंत्र कुठं गिऱ्हाईक होतं? कितीतरी वर्षांनी कुणीतरी अंगाला हात न लावता नुसतं ऐकत होतं. तिनं भडाभडा सगळं सांगून टाकलं. आपली केतकी, वाईचं वसतिगृह, आठवीचा वर्ग, कुत्र्याची भीती. वर फोटोही दाखवला.

आणि परवा वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला. “केतकीचे काका म्हणून एकजण आले होते. कुत्र्याचंसुद्धा ठाऊक होतं त्यांना. मी भेटू दिलं नाही. कोण हो ते?”

केतकीला काका नव्हता. कुत्र्याचं तिनं फक्त ठशाला सांगितलं होतं, आणि ठसा तेच गिऱ्हाइकांना सांगत होता.

“पुसून टाका ते,” ती ठसे सांभाळणाऱ्या निमिषला म्हणाली.

“पुसता येत नाही, ताई. अकरा बारमध्ये हीच माहिरा चालते, मालक बंद करू देणार नाहीत. जुन्यावर नवं शिकवता येईल. पण ठसा तुमची नाडी, श्वास, घाम वाचतो. तुम्हाला खरं वाटेल तेच उचलतो.”

“मग मला पोरगी नाही, असं म्हणू?”

“म्हणून भागणार नाही. तुम्हाला ते पटायला हवं.”

शाळा बदलून काय होणार होतं? नाव आणि चेहरा अकरा ठिकाणी पोचला होता. ती ठशासमोर बसली. “मला मुलगी नाही.” यंत्रावरचा दिवा लाल, म्हणजे पटलं नाही. पुन्हा लाल. घरी जाऊन ती उशीत तोंड खुपसून रडली. मग तिनं फोटो काढून टाकले, वसतिगृहाचे फोन घेणं सोडलं. लेकीचा आवाज ऐकला की दिवसभराची मेहनत पाण्यात जायची. बहिणीची पोर आहे ती, आपल्याला कुणी झालंच नाही, असं ती भाजी चिरतानाही घोकत राहिली.

अकराव्या दिवशी तिनं ते सहज म्हटलं, भाजीचा भाव सांगावा तसं. दिवा हिरवा झाला.

“झालं, ताई,” निमिष म्हणाला. समोरची माहिरा गोड हसून सांगू लागली, “मला कुणी नाही हो.”

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर केतकीचं नाव होतं. आता बोलायला हरकत नव्हती. वैजयंतानं फोन कानाला लावला. “आई, इतके दिवस फोन का नाही घेतलास?” पोर रडत होती. वैजयंता ऐकत राहिली. छातीत काहीतरी हलेल म्हणून वाट पाहत राहिली. या रडणाऱ्या मुलीशी आता बोलायचं तरी काय?